एकेचाळीस नंबरची गाडी आणायला गेलो होतो

बेंगळुरूला जाऊन आलो म्हटलं की लोक विचारतात, लालबाग पाहिली का, विधानसौध पाहिलं का. बायका विचारतात, म्हैसूर सिल्क आणलं का. यातलं मी काहीही पाहिलं नाही आणि आणलं नाही. आठ दिवस राहिलो आणि एक गॅरेज, ट्रान्सपोर्टची ऑफिसं, एक कॅफे आणि पोरीच्या पीजीचं फाटक एवढंच बेंगळुरू मला दिसलं. तेव्हा हे वाचून कुणाला तिथं फिरायला मदत होईल असं नाही. पण शर्यतीची गाडी तयार करायच्या नादाला कुणी लागलं असेल, तर त्यानं जरूर वाचावं आणि वेळेत शहाणं व्हावं.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरात वेल्डिंगचं शेड आहे. गेट, जिने, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या करतो. माझी मुलगी स्नेहल सहा वर्षं मोटारींच्या शर्यतीत पळाली. टीव्हीवर दिसतात तसल्या, टप नसलेल्या गाड्या नव्हेत. शोरूममधून निघालेली साधी चार दारांची गाडी, ज्यात घालून आपण म्हातारीला जोतिबाला नेतो, ती. तिच्यातलं सगळं सामान काढून टाकायचं, आत लोखंडी पाईपांचा पिंजरा बसवायचा, म्हणजे गाडी उलटली तरी आतलं माणूस वाचतं. हा पिंजरा मी केला. त्याचा एकूण एक जोड माझ्या हातचा. दारावर पोरीनं नंबर रंगवला, ४१.

मग एके दिवशी पत्रक आलं. कंपनीनं ज्या मॉडेलचं उत्पादन थांबवलंय त्या गाड्या पुढच्या हंगामापासून शर्यतीत घेणार नाहीत. एक पान, तेही मोबाइलवर. गाडीत बिघाड नव्हता. ती हळू झाली नव्हती. आमच्याकडे तालमीत पैलवान म्हातारा होतो, दोन कुस्त्या हरतो, मग आपणच लंगोट खुंटीला लावतो. पण चांगल्या तयारीच्या गड्याला आखाड्याच्या दारात अडवून 'तुझ्या जातीचे पैलवान आता निघत नाहीत, घरी जा' असं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. नवी गाडी करायची ऐपत नव्हती. स्नेहल बेंगळुरूत कॉम्प्युटरच्या नोकरीला लागली आणि गाडी तिथल्याच गॅरेजमध्ये पडून राहिली. शर्यती तमिळनाडूत होतात, पण गाड्यांची देखभाल करणारे बेंगळुरूत, असा सगळा कारभार आहे. 'बघू पुढं' असं आम्ही म्हणत राहिलो, आणि त्यात तीन वर्षं गेली.

नवरात्राच्या तोंडावर गॅरेजवाल्या किसनरावांचा फोन आला. जागा सोडायचीय, तिथं मोठ्या इमारती होणार आहेत, म्हणून जुन्या गाड्या दसऱ्यानंतर कापून भंगारात द्यायच्या आहेत. तुमचं काही सुटं सामान हवं असेल तर सांगा. आणि मग म्हणाले, "ताईंनी सही केली आहे, तुमाला ठाऊक असंल की."

मला ठाऊक नव्हतं. बायकोला म्हटलं, शेडातली डावी बाजू मोकळी करून ठेव, मी गाडी घेऊन येतो.

कोरमंगला

स्नेहलच्या पीजीच्या फाटकातून आत पुरुषाला सोडत नाहीत. बाप असला तरी नाही. वॉचमननं मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि मी रस्त्याकडे तोंड करून, लग्नात कुणी न विचारलेल्या पाहुण्यासारखा पिशवी मांडीवर घेऊन बसलो. अर्ध्या तासानं पोरगी खाली आली. बारीक झालीय. गळ्यात ऑफिसचा पट्टा.

"पप्पा, फोन करून यायचं ना. मी सुट्टी टाकली असती."

"मला सांगायचं न्हाईस तू, मग मी का सांगू?"

तिनं माझ्या मांडीवरची पिशवी उचलली. मग म्हणाली, "चला, आधी खाऊन घ्या. इथं सीन नको."

हॉटेलात उभ्यानं खायचं असतं. गर्दीत ताट कोपरावर सांभाळत माणसं इतक्या शांतपणे खातात की आपल्याला उगीच ओशाळल्यासारखं होतं. मी भात मागवला, तर 'खारा भात' म्हणून उपमा आला. त्यासोबत दुसरा 'भात' आला, तो शिरा निघाला. चव चांगली होती. पण सांबारात गूळ घालतात आणि वर तिखट झालं का विचारतात, हे मला आठ दिवसांत काही पचलं नाही.

तिथून ती मला एका कॅफेत घेऊन गेली. म्हणाली, "तुम्हाला एक दाखवते." भिंतीतून एक लाल गाडी बाहेर आली होती. म्हणजे गाडी मधोमध आडवी कापून तिची पुढची बाजू भिंतीला बसवली होती. दिव्यांच्या जागी पिवळे बल्ब. बॉनेटवर पोरंपोरी टेकून फोटो काढत होती.

"ही शर्यतीतली होती," स्नेहल म्हणाली. "दोन सीझन मी हिच्या मागं होते. एकदाच पुढं गेले."

मी म्हटलं, "मग ओळखलीस की लगेच."

"नाही ओळखलं. मॅनेजरनं सांगितलं तेव्हा कळलं. मी हिची मागचीच बाजू बघितलीय पप्पा, आणि तीच कापून टाकलीय."

ती हसली. मला हसू आलं नाही. कॉफी आली. कपावर दुधाचं पान काढलं होतं. मी ते ढवळून टाकलं आणि विचारलं, "सही का केलीस?"

"कारण ती गाडी उभी आहे तोवर मला रोज वाटतं, कुणाचा तरी फोन येईल. रूल बदलला, गाडी घेऊन ये, असं म्हणतील. मीटिंगमध्ये बसलेले असते आणि फोन उलटा करून ठेवता येत नाही मला. तीन वर्षं झाली. मला आता ते नकोय."

"मी न्हेतो गाडी घरी," मी म्हटलं. "माझ्या शेडात ऱ्हाईल. तुला फोनबिन काही यायचा न्हाई."

तिनं आपला कप बाजूला सारला. "न्या," म्हणाली. "जमलं तर न्या. पण मला गॅरेजवर यायला सांगू नका."

खरं सांगायचं तर गाडी मला शेडात ठेवण्यासाठी नको होती. गाडी आहे तोवर पोरगी शर्यतवाली आहे आणि गाडी गेली की कॉम्प्युटरवाली झाली, हे माझ्या डोक्यात बसलं होतं. हे मी तिला बोललो नाही. पण तिला कळलं असावं.

राजाजीनगर

किसनरावांचं गॅरेज राजाजीनगरात, जुन्या कारखान्यांच्या गल्लीत. इतकी वर्षं इथला व्यवहार स्नेहलच बघायची. फोनवर मराठी ऐकून मला वाटलं होतं, धंद्यापुरती शिकले असतील, पण हा माणूस मराठा निघाला. गोरापान, सत्तरीचा, कपाळाला गंध, हाताला ग्रीस.

"या अण्णा, या. बसा की. स्वल्प कॉफी घ्या."

स्वल्प म्हणजे थोडी. ती खरोखरच स्वल्प होती, स्टीलच्या वाटीत बोटभर पेला. त्यांचे पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले म्हणे. घरात मराठी, बाहेर कानडी. त्यांच्या मराठीला कानडीचा हेल आहे आणि तरी मध्येच असा एखादा जुना शब्द येतो की आपणच चपापतो. आपण पुस्तकात वाचतो ते हे लोक बायकोशी बोलतात.

गॅरेजच्या मागच्या अंगणात नऊ गाड्या उभ्या होत्या. सगळ्या अशाच, कुठल्या ना कुठल्या पत्रकानं बाद केलेल्या. एकीचा इंजिनाचा वर्ग बंद झाला, एकीचे टायर बंद झाले, एकीच्या पिंजऱ्याचा पाईप नव्या मापात बसेना. किसनराव एकेकीवर हात ठेवून सांगत होते, गुरांच्या बाजारात सांगतात तसं. याआधीच्या कुठं गेल्या तेही सांगितलं. एक इंजिनिअरिंग कॉलेजनं नेली आणि पोरांना आतलं दिसावं म्हणून उभी चिरली. एक कॉफीच्या मळ्यात गेली, तिथं पोती वाहते. आणि एकीचा पिंजरा त्यांनी स्वतः ठेवून घेतला होता. अंगणाच्या कोपऱ्यात तो जमिनीत रोवला होता आणि त्यावर अवरेकाईचा वेल चढवला होता. आपल्या पावट्यासारखी ही शेंग, तिच्यासाठी बेंगळुरूची माणसं जीव टाकतात. शेंगा यायच्या होत्या अजून.

"यात एक पोरगा वाचला होता," किसनराव म्हणाले. "तीन कोलांट्या. काही झालं नाही. आता वेल झाला आहे."

आमची गाडी शेवटची. ४१ चा आकडा उन्हानं फिका पडलेला. मी बॉनेट उचललं, तर आत काहीच नाही. रिकामा खड्डा, तळाला वाळकी पानं.

"इंजिन गेलं अण्णा. मागच्या महिन्यात. ताईंना विचारून दिलं."

मला एकदम रडू आलं. साठीच्या माणसानं परक्या अंगणात रडावं हे काही बरं नाही, म्हणून मी आत डोकं घालून पिंजरा बघायचं सोंग केलं. जोड तसेच होते. गंज नाही, चीर नाही. त्यावरून बोट फिरवलं की माझ्या हाताचा वेग कळतो मला, कुठं थांबलो, कुठं श्वास घेतला. एवढं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

बाहेर येऊन म्हटलं, "इंजिन गेलं तर जाऊ दे. मी अशीच न्हेतो. ट्रक बघा एखादा."

किसनराव बराच वेळ मान हलवत राहिले. त्यांच्याकडचं मान हलवणं हो की नाही हे कोल्हापूरच्या माणसाला कळत नाही. शेवटी म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. "बघू या. आयुधपूजेपर्यंत आम्ही कुठल्याही गाडीला कटर लावत नाही. तोवर वेळ आहे."

यशवंतपूर

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आम्ही दोघं गेलो. टेबलामागचा माणूस भला होता. कोल्हापूर म्हटल्यावर त्यानं चपलेकडे पाहिलं. मग कागद मागितले.

शर्यतीच्या गाडीला कागद नसतात. म्हणजे होते, पण गाडी शर्यतीसाठी तयार करताना आम्ही तिची रस्त्यावरची नोंदणी रद्द करून घेतली होती. त्यानंतर तिची ओळख म्हणजे एक लॉगबुक, त्यात प्रत्येक शर्यतीआधी तपासनीस शिक्का मारायचा. पूर्वी गाडी इकडंतिकडं जायची ती त्या लॉगबुकावर. ते आता बंद झालं होतं. शेवटच्या पानावर 'रद्द' असा शिक्का होता.

तो माणूस किसनरावांशी कानडीत बोलला. किसनरावांनी सांगितलं, "म्हणतो, कागद नसले तरी चालतील. गाडीवर चासी नंबर कोरलेला असतो, तेवढा दाखवा. त्यावर जुनी नोंद निघंल, रद्द झाल्याचा दाखला निघंल. मग जाते गाडी."

तो नंबर गाडीवर नव्हताच.

हे जरा नीट सांगायला हवं. शर्यतीची गाडी करणं म्हणजे निम्मं काम वजन उतरवायचं. मी आणि स्नेहलनं त्या गाडीतला गालिचा काढला, मागची सीट काढली, पत्र्याला चिकटवलेलं डांबर छिन्नीनं खरवडून काढलं. जे काढू ते तराजूला लावायचो. पाव किलो निघालं की पोरगी टाळ्या पिटायची. ड्रायव्हरच्या सीटखाली एक आडवी पट्टी होती, तिच्यावर कंपनीनं गाडीचा चासी नंबर ठोकलेला. ती मी कापून काढली आणि तिच्या जागी माझी स्वतःची बसवली, हलकी आणि जास्त मजबूत. नोंदणी तर रद्दच झाली होती. दारावर एकेचाळीस लिहिलंय, आणखी नंबर कशाला, असं मीच म्हणालो. शहाणा! स्नेहलनं त्या कापलेल्या पट्टीला भोक पाडलं आणि आमच्या शेडात, लोखंड आवळून धरायच्या व्हाइसच्या वर, खिळ्याला अडकवून दिली. म्हणाली, पप्पा, एवढं वजन आपण कमी केलं. ती अजून तिथंच आहे.

मी हे किसनरावांना सांगितलं आणि लगेच म्हणालो, "बायकोला सांगतो, ती पट्टी कुरिअर करंल. परवा येईल. मी आहे तिथं परत जोडतो. कुणाला जोड दिसणार न्हाई, शब्द देतो."

किसनरावांनी माझ्या दंडाला धरून मला ऑफिसच्या बाहेर आणलं.

"अण्णा, असं बोलू नका बाहेर कुठं. नंबर कापून परत जोडलेली गाडी म्हणजे चोरीची गाडी. चोर तेच करतात. तुमचा जोड जेवढा चांगला तेवढं वाईट. नाक्यावर धरली तर तुमी आत, ड्रायव्हर आत, मी आत."

"पण माझी गाडी हाय!"

"तुमची आहे. पण दाखवणार काय?"

मी परत आत गेलो. त्या माणसाला हात जोडले. हिंदीत सांगितलं, मराठीत सांगितलं. त्यानं पाणी दिलं. तो जे बोलला ते किसनरावांनी मला रस्त्यावर आल्यावर सांगितलं, "म्हणतो, नंबर म्हणजे गाडी. बाकी सगळं लोखंड. लोखंड म्हणून पाठवायचं असंल तर तुकडे करून आणा, आज पाठवतो. अख्खी असंल तर ती गाडी, आणि गाडीला नंबर पाहिजे."

आणखी दोन ठिकाणी फिरलो. तेच उत्तर. किसनरावांचे दोन्ही ट्रेलर गॅरेज आवरताना विकले गेले होते. लॉजवर आलो आणि जेवलो नाही. पहिल्यांदाच असं वाटलं की मी ज्याला कसब म्हणत होतो त्यानंच पोरीची गाडी मारली. पाव किलोची पट्टी होती हो.

आयुधपूजा, राजाजीनगर

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतो. घण, पान्हा, वेल्डिंगचा होल्डर, हळदकुंकू वाहिलं की झालं. बेंगळुरूत या दिवशी शहर वेडं होतं. रिक्षा, बस, दुकानाचं शटर, झेरॉक्सचं मशीन, सगळ्याला केळीचे खुंट आणि झेंडूच्या माळा. रस्त्यात जिथं तिथं फोडलेले कोहळे, आत कुंकू भरलेलं. त्यावरून दुचाक्या घसरतात. मीही घसरलो आणि गुडघा फोडून घेतला.

किसनरावांनी नऊच्या नऊ गाड्या धुऊन घेतल्या होत्या. ज्या परवा कापायच्या त्याही. मी म्हटलं, कापायच्या गाडीची पूजा कशाला? ते म्हणाले, "आज तर गाडी आहे ना."

त्यांची रीत अशी, की आपण नव्या गाडीला ठेवतो तसं चारी चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढं घेऊन ती चिरडायची. आणि गाडीत तिचा चालवणारा बसला पाहिजे, रिकामी गाडी लिंबावरून जात नाही. बाकीच्या आठ गाड्यांचे चालवणारे कुठं गेले कुणास ठाऊक. त्यांच्यासाठी किसनराव स्वतःच एकेकीत चढून बसत होते, गुडघे धरून उतरत होते, आणि मेकॅनिक मागून ढकलत होते. आमच्या गाडीशी आले आणि थांबले.

"मी बसू अण्णा, का तुमी बसता?"

मागून आवाज आला, "मी बसतो."

स्नेहल फाटकात उभी होती. आमच्या कोल्हापूरच्या पोरी 'मी येतो, मी बसतो' असंच म्हणतात, पोरांसारखं. बेंगळुरूत आल्यापासून ती 'मी येते, मी बसते' म्हणायला लागली होती. ते मला तिच्या तोंडी परकं वाटायचं, पण कधी बोललो नाही.

ती पिंजऱ्याच्या पाईपाला धरून, आधी पाय मग कंबर मग डोकं, अशी आत शिरली. तीन वर्षांत एकदाही न केलेलं, पण कुठं आपटली नाही. सीटचा पट्टा ओढून लावला. मी म्हणणार होतो की अगं सहा फूट जायचंय. नाही म्हटलं.

मी मागून ढकलली. एकट्यानं. इंजिन नसलेली गाडी, फार जोर लागलाच नाही. लिंबं फुटल्याचा आवाज आला, दोन, मग दोन. समोर पाण्याचं पिंप होतं. आतून तिनं ब्रेक मारल्याचं मला ऐकू आलं. बूट जाऊन तळाला आदळला. ब्रेकमध्ये तेल कुठलं? गाडी हळूच पिंपावर टेकली आणि थांबली. सगळे हसले. किसनराव म्हणाले, "सरी, सरी, झालं."

ती उतरेना. मी काचेशी गेलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते आणि ती पुढं बघत होती, पिंपाच्याही पलीकडं कुठंतरी. तोंड भिजलेलं.

"पप्पा, कापताना मी नसणार," ती म्हणाली. "आणि दुसऱ्या कुणाला कापू देऊ नका. तुम्हीच कापा."

दसरा आणि त्यानंतरचा दिवस

आयुष्यात पहिल्यांदा दसऱ्याला मी कोल्हापुरात नव्हतो. संध्याकाळी लॉजवर किसनराव आले, पांढरं धोतर नेसून. खिशातून पानं काढून माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या अण्णा." एवढी शतकं ते सोनं सांभाळलंय त्यांनी या गावात. मी पाया पडलो. त्यांचंही गॅरेज चार दिवसांत जायचं होतं, आणि मी आठवडाभर माझीच रड त्यांना ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी ग्राइंडर हातात घेतला. मी पोचायच्या आधीच त्यांचा माणूस कापू लागला होता, तो पाईप मध्येच कापत होता. मी त्याला बाजूला केलं. पिंजरा कापायचा तर जोडावर कापावा, म्हणजे पाईप सलग निघतो. पण ते सोपं नव्हतं. जोड सुटता सुटत नव्हते, चकत्या झिजून गेल्या. बावीस दिवस मी ते जोडले होते, की काही झालं तरी सुटू नयेत. पोरगी आत बसणार होती. आता एकेका जोडाला सांगायचं की सुट बाबा.

दुपारी स्नेहलचा फोन आला. ऑफिसातून.

"झालं?"

"चाललंय."

तिनं फोन ठेवला नाही. मी फोन खिशात टाकला आणि काम चालू ठेवलं. किती वेळ ऐकत होती माहीत नाही. छत सुटून खाली आलं तेव्हा पाहिलं, तर फोन बंद झाला होता.

चार वाजेपर्यंत गाडी संपली. दारं एकीकडे, पाईप एकीकडे, तळ एकीकडे. किसनराव म्हणाले, "आता न्या अण्णा. आता कुणी विचारणार नाही." ते खरंच होतं. आता ती कुठंही जाऊ शकत होती. पण मला एक पाईपही उचलावासा वाटला नाही. ४१ लिहिलेलं दार तरी घ्या, असं ते म्हणत होते. मी हात धुतले आणि निघालो.

निघताना स्नेहलला भेटायला कोरमंगलाला गेलो. फाटकाशी पाच मिनिटं उभे होतो. ती म्हणाली, "पप्पा, पोचलात की फोन करा. मी उचलते." मग जिन्याकडे वळली. फोन तिच्या हातात होता, आणि मीटिंगला जाताना आता ती तो उलटा ठेवू शकेल. तिला तेच हवं होतं. मला मात्र त्याचा आनंद मानता आला नाही, आजही येत नाही.

कोल्हापूर

बायकोला फोनवर मी काही सांगितलंच नव्हतं. 'येतोय' एवढंच.

शेडाची डावी बाजू तिनं मोकळी केली होती. झाडून, पाणी मारून. गाडी आत येताना हवीत म्हणून चार चाकांच्या जागी चार लिंबं मांडून ठेवली होती, ती एव्हाना सुकून पिवळी पडली होती. आणि व्हाइसच्या वर खिळ्याला ती पट्टी. खंडेनवमीला तिनं इतर हत्यारांबरोबर तिलाही हळदकुंकू लावलं होतं आणि यंदा गाडी घरी यायची म्हणून झेंडूची माळ घातली होती. फुलांच्या मागून नंबर दिसत होता. सगळी अक्षरं, सगळे आकडे, कंपनीतून ठोकून आले तसे.

बायको बाहेर रस्त्याकडे बघत होती. ट्रक मागून येतोय असं तिला वाटलं असणार.

"आलासा? गाडी कुठं हाय?"

मला त्या यशवंतपूरच्या माणसाचं बोलणं आठवलं. नंबर म्हणजे गाडी, बाकी सगळं लोखंड. म्हणजे आठ दिवस मी जी आणायला फिरलो ती घरीच होती. मीच कापून ठेवलेली.

मी भिंतीकडे बोट केलं. म्हटलं, "ही काय."